सूज उतरायची वाट पाहू नका

पत्र: डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावातून लिहितोय. माझी आई ५८ वर्षांची आहे. १२ वर्षांपासून शुगर आहे, बीपीची गोळीही चालू आहे. तीन आठवड्यांपूर्वी तिची खालची उजवी दाढ ठणकायला लागली. आठ दिवस तिला झोप नव्हती, रात्रभर तोंडात गार पाणी धरून बसायची. मेडिकलमधून गोळ्यांची पुडी आणली, दोन दिवस बरं वाटलं, मग गोळ्या बंद केल्या. पुढे चार दिवस काहीच दुखलं नाही. मग परत ठणका लागला आणि परवापासून गाल इतका सुजलाय की जबड्याची कड दिसत नाही. ठणका मात्र कमी झालाय, म्हणून आई म्हणते, उतरतंय आता, दवाखाना नको. आजी तव्यावर फडकं तापवून शेक देते. तालुक्याला एका दवाखान्यात नेलं तर म्हणाले, सूज उतरल्याशिवाय दाढेला हात लावता येणार नाही, शुगरही कमी करून आणा. शेजारच्या काकूंनी सांगितलंय की दाढ काढली की नजर जाते. आईच्या मनात तेच बसलंय. ती मशेरी लावते, म्हणते त्यानेच जरा बधिर होतं. आम्ही काय करावं?

उत्तर:

तुमचं पत्र मिळालं त्याच दुपारी तुम्हाला फोन करून सांगितलं होतं की सदरातल्या उत्तरासाठी थांबू नका, उद्या सकाळी आईंना सोलापूरला घेऊन जा. तुम्ही नेलंत. दाढ उघडून पू काढला आणि दोन दिवसांत सूज निम्म्यावर आली, हे तुमच्याकडून कळलं तेव्हा जीव भांड्यात पडला. आता तुमचा प्रश्न उरलाय तो दाढ ठेवायची की काढायची. तिकडे येतेच. पण तुमच्या पत्रातलं एकेक वाक्य मी गेली तीस वर्षं वेगवेगळ्या तोंडून ऐकत आलेय. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरी आज रात्री हेच चाललेलं असेल, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

ठणका कमी झाला म्हणून आई निर्धास्त झाल्या, तिथून सुरुवात करू. दाताच्या आत मधोमध एक छोटी पोकळी असते आणि तिच्यात नस आणि रक्तवाहिन्या असतात. कीड तिथवर पोचली की नस सुजते. अंगावर कुठे सूज आली तर कातडी ताणते, सुजेला जागा मिळते. दाताच्या भिंती दगडासारख्या, तिथे सूज जाणार कुठे? म्हणून ही कळ इतकी जीवघेणी असते. आडवं पडलं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्री ती असह्य होते; दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवलं की थोडा फरक पडतो. चहाचा घोट घेतला की कळ मस्तकात जाते आणि गार पाण्याने थांबते, हे नस वाचण्यापलीकडे गेल्याचं लक्षण आहे. आई रात्रभर तोंडात गार पाणी धरून बसत होत्या हे वाचलं तेव्हाच दाढेची गोष्ट कुठवर आली होती ते कळलं. दाढ सुखरूप वाचवायची सगळ्यात चांगली वेळ त्याच आठ दिवसांत होती.

मधले चार दिवस दुखलं नाही, कारण नस मेली होती. मेलेल्या नसेला कळ येत नाही. जंतू मात्र तिथेच राहतात आणि मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात. तिथे पू धरतो. हाडही बंदिस्त, त्यामुळे पुन्हा ठणका. या वेळी दाढ उंच झाल्यासारखी वाटते, वरच्या दाताला नुसती टेकली तरी सहन होत नाही. मग एक दिवस पू हाड पोखरून बाहेरच्या मऊ भागात येतो. हाडातला दाब सुटतो, ठणका उतरतो आणि गाल फुगतो. म्हणजे सूज आली आणि दुखणं कमी झालं, तेव्हा आजार ओसरलेला नसतो. हाडात कोंडलेला पू मोकळ्या जागेत आलेला असतो आणि तिथून तो कुठेही पसरू शकतो. काहींच्या हिरडीवर पुळी येते, ती फुटते, तोंडात खारट-घाण चव येते आणि बरं वाटतं. तेही बरं होणं नाही. वर्षानुवर्षं अशी पुळी घेऊन फिरणारी माणसं मी पाहिलीत.

आता पुडी. मेडिकलमधून मिळालेल्या चार सुट्या गोळ्यांत काय होतं ते ना तुम्हाला माहीत, ना आईंना. बहुधा एक दुखण्याची, एक अँटिबायोटिक, एक अ‍ॅसिडिटीची. कधी कधी अशा पुडीत स्टेरॉईडही असतं. त्याने सूज आणि दुखणं झपाट्याने बसतं, पण मधुमेही माणसाची साखर भराभर चढते आणि जंतूंशी लढायची ताकद कमी होते. म्हणून सुटी, नावाची पट्टी नसलेली गोळी घेऊच नये. अँटिबायोटिकबद्दल तर अगदी कळकळीने सांगते. गोळीचं औषध रक्तातून पोचतं. मेलेल्या नसेच्या पोकळीत रक्त फिरतच नाही आणि पुवाच्या गळवातही ते नीट शिरत नाही. अँटिबायोटिक आजूबाजूला पसरणारा संसर्ग आवरतं, उगम तसाच राहतो. गोळ्या थांबल्या की पंधरा दिवसांनी, महिन्याने तो पुन्हा डोकं काढतो. नुसती दाढ दुखत असेल, सूज नाही, ताप नाही, तर अँटिबायोटिकचा काहीच उपयोग नाही. सूज पसरत असेल, ताप असेल, मधुमेहासारखा आजार असेल तेव्हा ते लागतं, आणि तेव्हाही पू काढण्याच्या जोडीला, एकटं नाही. तुमच्या आईंना सोलापूरच्या डॉक्टरांनी दिलंय ते योग्यच आहे, सांगितलेले दिवस पूर्ण करा. त्यात मेट्रोनिडाझोल असेल तर तोंड कडवट, धातूसारखं लागेल, घाबरू नका. ही गोळी चालू असताना दारू अजिबात चालत नाही. आईंचा प्रश्न नसेल, पण वाचणाऱ्या भावांनी लक्षात ठेवावं.

"सूज उतरल्यावर या" हे वाक्य ऐकून परत आलेले किती पेशंट मी पाहिलेत. ते का म्हणतात तेही सांगते, कारण त्यामागे काहीच नाही असं नाही. पू झालेल्या जागी आम्लता वाढते आणि तिथे टोचलेलं भुलीचं इंजेक्शन नीट चढत नाही. पूर्वी या कारणाने थांबायची पद्धत पडली. पण खालच्या दाढेची भूल दाढेपाशी नाही, जबड्याच्या मागच्या टोकाला, जिथून नस आत शिरते तिथे देतात. ती जागा पुवापासून लांब असते. सूज असताना दाढ उघडून पू काढता येतो, हिरडीला छोटा छेद देऊन काढता येतो, दाढ काढणंही बहुतेक वेळा शक्य असतं. उलट पू बाहेर पडला की सूज त्याच दिवसापासून उतरायला लागते. एखाद्या डॉक्टरांना खरंच थांबावं लागलं, तोंड पुरेसं उघडत नसेल तर, तर त्यांनी दोन-तीन दिवसांतली तारीख द्यावी आणि तुम्ही ती मागून घ्यावी. "सूज उतरली की बघू" ही तारीख नव्हे. सूज उतरली की कुणी परत येत नाही.

साखरेचंही तसंच. साखर जास्त म्हणून दाताला हात लावायचा नाही आणि दातात पू म्हणून साखर उतरत नाही, या फेऱ्यात माणूस अडकतो. अंगात पू असेल तोवर औषध वाढवूनही साखर हटून बसते. तेव्हा दाताचे डॉक्टर आणि शुगरचे डॉक्टर यांनी एकमेकांशी फोनवर बोलून एकाच वेळी दोन्ही सांभाळायचं असतं. तुम्ही त्यांचे नंबर एकमेकांना द्या, त्यात संकोच कसला. आणखी एक गोष्ट मला तुमच्या पत्रात सापडली नाही, पण विचारायला हवी: दाढ दुखत होती तेव्हा आई जेवत काय होत्या? चावता येत नाही म्हणून जेवण सोडायचं आणि शुगरची गोळी मात्र वेळेवर घ्यायची, असं घरोघरी होतं. मग साखर एकदम खाली येते. घाम फुटतो, हातपाय कापतात, माणूस बरळतो, आणि घरच्यांना वाटतं दाढेचं दुखणं डोक्यात गेलं. पेज, मऊ खिचडी, आमटीत कुस्करलेली भाकरी, ताक, काहीतरी पोटात जाऊ द्या आणि या दिवसांत साखर रोज तपासा. जेवण फारच कमी होत असेल तर गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका. रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्यांनाही हेच सांगते. दात काढायचा म्हणून ती आपणहून थांबवू नका, डॉक्टरांना फक्त सांगा.

आजींचा शेक प्रेमाचा आहे, पण तो थांबवा. बाहेरून गरम शेक दिला की तिथे रक्त जास्त ओढलं जातं, सूज वाढते आणि पू गालाच्या कातडीकडे वळू शकतो. गालावर फुटलेल्या गळवाचा व्रण जन्मभर राहतो. बाहेरून बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं धरायचा, मग तेवढीच विश्रांती. आतून मात्र कोमट चालतं: पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा हळुवार चूळ धरायची.

लवंगेचं तेल खोटं नाही. त्यातलं युजेनॉल नस बधिर करतं, आणि आमच्या दवाखान्यात शिरल्यावर येणारा तो ओळखीचा वास बऱ्याचदा त्याचाच असतो. पण कापसाला अगदी थेंबभर लावून तो खड्ड्यात धरायचा. हिरडीवर ओतलं तर हिरडी भाजते. आणि नस मेल्यावर, पू मुळाखाली गेल्यावर लवंग तिथवर पोचतच नाही. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेपाशी धरून ठेवणाऱ्यांच्या हिरड्या पांढऱ्या पडून सोललेल्या मी पाहिल्यात. गोळी गिळायची असते.

कोणती गोळी? आईंसाठी पॅरासिटामॉल. ५०० मिलिग्रॅमची एक किंवा लागल्यास दोन, सहा तासांच्या अंतराने, दिवसभरात सहाच्या वर नाही. यकृताचा आजार असेल तर तेवढीही विचारूनच. १२ वर्षांची शुगर आणि बीपीची गोळी असताना आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात, तेव्हा रक्त तपासून डॉक्टर म्हणाले तरच. बाकी निरोगी मोठ्या माणसाला जेवणानंतर आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ५०० ही जोडी दाढदुखीवर पुष्कळ भारी समजल्या जाणाऱ्या गोळ्यांपेक्षा चांगली लागू पडते. ज्यांना अल्सर आहे, मूत्रपिंडाचा त्रास आहे, अशा गोळ्यांनी दमा उठतो, रक्त पातळ करणारं औषध चालू आहे, किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी आयब्युप्रोफेन स्वतःहून घेऊ नये. कॉम्बिफ्लाममध्ये ही दोन्ही औषधं असतात, तिच्यावर वेगळी पॅरासिटामॉल घेताना आकडा मोजा. गरोदर बाईला दाताचे उपचार करता येत नाहीत हाही गैरसमज आहे. पू झाला असेल तर कोणत्याही महिन्यात तो काढावाच लागतो.

आता ते, ज्यासाठी मी तुम्हाला फोन केला होता. नोकरीच्या सुरुवातीला मी एका ग्रामीण रुग्णालयात होते. गाळप हंगाम चालू होता. संध्याकाळी एका ऊसतोड कामगाराला त्याच्या भावाने धरून आणलं. वय असेल तिशीचं. तो पुढे वाकून बसला होता, हातातल्या फडक्यात लाळ गळत होती, कारण स्वतःची थुंकीही गिळता येत नव्हती. हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी लाकडासारखी टणक सूज, जीभ वर उचलली गेलेली, आवाज घोगरा. दहा दिवस दाढ दुखत होती. दवाखान्यात आलं तर दिवसाचा रोज बुडतो, म्हणून दुकानातल्या गोळ्या खाऊन तो कोयता चालवत होता. आम्ही सलाईनमधून औषध सुरू करून त्याला जीपमध्ये बसवलंच; आडवं केलं असतं तर श्वास बंद पडला असता. जिल्ह्याच्या रुग्णालयात गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वाट करावी लागली. तो वाचला. तीन आठवड्यांनी भाऊ सांगायला आला. पण ती सूज मी विसरलेली नाही आणि एका दाढेने माणूस जाऊ शकतो हे त्या दिवशी मला पुस्तकाबाहेर कळलं. या अवस्थेचं वर्णन लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने १८३६ मध्ये केलं, तिला त्याचंच नाव आहे. खालच्या मागच्या दाढांची मुळं तोंडाच्या तळाशी असलेल्या स्नायूच्या खाली उतरतात, म्हणून तिथला पू थेट गळ्याच्या वाटेला लागतो. आईंची दाढ खालची होती आणि साखर वाढलेली. मला भीती त्याची वाटली.

तेव्हा सगळ्यांनीच लक्षात ठेवा: सूज हनुवटीखाली किंवा गळ्याकडे उतरतेय, गिळता येत नाही, लाळ गळतेय, तोंड दोन बोटंही उघडत नाही, आवाज बदललाय, श्वासाला त्रास होतोय, यातलं काहीही दिसलं तर दाताचा दवाखाना शोधत बसू नका. १०८ला फोन करा, सिव्हिल गाठा. थंडी वाजून ताप आला, माणूस गुंगीत गेला, किंवा वरच्या दाताची सूज चढून डोळा मिटायला लागला तरी तसंच. रात्री दोन वाजले असले तरी सकाळची वाट पाहायची नाही.

डोळ्यांवरून काकूंचं आठवलं. दात काढल्याने नजर जात नाही. पाहण्याची नस मेंदूतून सरळ डोळ्याच्या मागे येते, दातांची नस निराळी. वरच्या दातांकडे जाणारी नस आणि डोळ्याभोवतीच्या कातडीची नस एकाच खोडाच्या दोन फांद्या, म्हणून वरची दाढ दुखताना डोळाही दुखतो, डोळ्यातून पाणी येतं. त्यातून हा समज जन्मला असावा. खरा धोका उलटा आहे, वरच्या दाढेतला पू तसाच ठेवला तर तो डोळ्याकडे पसरू शकतो. काकूंना दुखवू नका, त्यांनी काळजीपोटीच सांगितलं. आईंना मात्र हे समोर बसून, नीट समजावा.

आणि आता तुमचा प्रश्न. ठेवायची की काढायची? दाढेचा वरचा भाग बऱ्यापैकी शाबूत असेल तर रूट कॅनल करून ठेवावी असं माझं मत. आत्ता उघडली आहेच; आणखी दोन-तीन फेऱ्यांत मुळांच्या नळ्या साफ करून बंद करतात, आणि वर कॅप बसवतात. कॅप टाळू नका. नस काढलेली दाढ ज्वारीची भाकरी आणि शेंगदाणे खाताना तडकते. पण दाढ हिरडीपर्यंत झिजून फुटली असेल, खूप हलत असेल, किंवा सोलापूरच्या फेऱ्या आणि कॅपचा खर्च झेपणारा नसेल, तर दाढ काढा. त्यात कमीपणा काही नाही. चुकीचा मार्ग एकच, आता दुखत नाही म्हणून उघडलेली दाढ तशीच सोडून देणं. खर्चासाठी सिव्हिलच्या दंत विभागात चौकशी करा, आणि जवळच्या दंत महाविद्यालयातही. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, पैसे फार कमी. इतर जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत.

मशेरीचं सांगताना मला आईंवर रागवायचं नाही. किती तरी बायांना हे व्यसन दाढदुखीनेच लागतं. भाजलेल्या तंबाखूने घटकाभर बधिर होतं, दाढ जाते, मशेरी राहते. पण दाढ काढली तर निदान आठवडाभर तिला हात लावायचा नाही, नाही तर खड्डा भरून येत नाही आणि त्याची कळ दाढेपेक्षा वाईट. त्या आठवड्यानंतर पुन्हा सुरूच केली नाही तर फार बरं होईल. पुढच्या खेपेला डॉक्टरांना गालाच्या आतली आणि जिभेच्या कडेची कातडी नीट पाहायला सांगा. मशेरी लावणाऱ्या प्रत्येकीची ती तपासणी व्हायला हवी, आणि तीन आठवड्यांत न भरलेली जखम कधीही दुर्लक्षू नये.

आईंची भीती खुर्चीची आहे, हे तुम्ही फोनवर म्हणालात. पुढच्या वेळी त्यांच्याबरोबर आत जा. सुई टोचायच्या आधी डॉक्टरांना सांगा की आई घाबरल्यात. आणि आईंना सांगा, दुखलं की डावा हात वर करायचा, डॉक्टर थांबतील. भूल कमी वाटली तर परत देतात, सोसायचं नाही. त्या सकाळी नाश्ता करून, शुगर-बीपीच्या गोळ्या घेऊन जा. पोट रिकामं नको.